यंदा आपण खाली जात नाही

३० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी सात.

घरच्या मैदानावर ०-४. नुसत्या आकड्यांवरून मॅचची कल्पना येत नाही. सुरुवातीला दबदबा आपलाच होता. मग त्यांना चेंडू मिळाला.

आपली ब्रॅकनशॉ ॲल्बियन आता खालून तिसरी. हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, खालच्या तीन टीम खालच्या लीगमध्ये ढकलतात हे मला कोणी सांगायला नको. पण नोव्हेंबरात गुणांचं टेबल बघायचंच नसतं. टेबल नाताळानंतर बघायचं. (मागच्या वर्षी मी फेब्रुवारी म्हणालो होतो. पण मागचं वर्ष वेगळं होतं.)

येताना टॅनरी लेनच्या सिग्नलला पॉलीन म्हणाली, क्लिफ, पुढच्या वर्षी माझी सीट नको घेऊस. मी विचारलं, का गं, थंडी बाधते? म्हणाली, एकोणतीस वर्षं दर शनिवारी मी दुःखी होते रे. आता एखादा शनिवार नुसतं बरं वाटून घ्यायचंय.

अर्थ उघड आहे. तिला मॅनेजर पसंत नाही.

आमच्या सीटा एम ओळीत, शेजारी शेजारी, दर हंगामाला वर्षभरासाठी घेतलेल्या. पॉलीनची सीट मुळात तिच्या वडिलांची. म्हातारा गेल्यावर ती त्यांच्या जागेवर सरकली आणि तिच्या जागेवर मी आलो. मी जन्मजात ॲल्बियनवाला आहे, लग्नापासून. ती आली नाही तर माझं काही अडत नाही. प्रश्न सोयीचा आहे. थर्मास तिच्या पिशवीत असतो.

१ डिसेंबर, रविवार.

शांत डोक्याने विचार केला. मॅनेजर गेला की टीम जिंकणार. टीम जिंकली की पॉलीन खूश. पॉलीन खूश म्हणजे सीट राहिली. तेव्हा लार्स लुंडेलला घालवणं हे आता घरातलंच काम झालं. जिन्यातला बल्ब बदलायचाय, तो नंतर.

लार्स स्वीडनचा. सुबक दाढी, महाग मफलर. हरलो की म्हणतो, ही एक प्रक्रिया आहे. कालही म्हणाला. ०-४ ही कसली प्रक्रिया? मोरी तुंबते तीही प्रक्रियाच.

नाताळापर्यंत लार्स घरी. लिहून ठेवतो.

३ डिसेंबर, मंगळवार.

होल्डनबाईंचा तास. गाडी शिकवण्याच्या धंद्यात मी इतकी वर्षं आहे, पण बाईंइतकं घाबरणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही. गोल चौकात शिरताना त्यांना समजावून देत होतो की आपला डिफेन्स नेमका असाच फाटतो, दोघं एकाच्याच मागे जातात आणि मधली लेन मोकळी. बाई मधल्या लेनमध्ये गेल्या. लॉरीवाल्याने हात बाहेर काढून जे केलं ते इथे लिहीत नाही.

बाई म्हणाल्या, मिस्टर एंटविसल, मला फुटबॉल नको, पार्किंग शिकवा. हल्ली लोकांना मुळापासून काही शिकायचंच नसतं.

७ डिसेंबर, शनिवार.

बाहेरगावी १-३. रेडिओवर ऐकली. मॅचनंतर श्रोत्यांचे फोन घेतात त्या कार्यक्रमाला लावला. पुष्कळ वेळ ताटकळत ठेवलं. दरम्यान एक बाई लार्सच्या बाजूने बोलून गेली. म्हणे, त्याला वेळ द्या. अशा लोकांचा फोन लागतो.

मग निवेदक म्हणाला, आता क्लिफ, ब्रॅकनशॉहून. मी म्हणालो, लार्स. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या रेडिओतून मीच म्हणालो, लार्स. मी चपापलो. थोड्या वेळाने रेडिओतला मीही चपापला. निवेदक म्हणाला, क्लिफ, आधी रेडिओ बंद करा बघू. मी ओरडलो, पॉलीन, बंद कर तो! हे वाक्य मात्र साऱ्या लँकेशायरने स्वच्छ ऐकलं. निवेदक म्हणाला, धन्यवाद क्लिफ, मुद्दा पोचला.

मुद्दा पोचला, असं तो स्वतः म्हणाला. पॉलीन पोट धरून हसत होती. म्हणाली, आवाज छान येतो हो तुझा, बोलू द्यायला हवं होतं त्यांनी. म्हणजे मॅनेजरच्या बाबतीत ती माझ्या बाजूची आहे.

१४ डिसेंबर, शनिवार.

घरी १-१. बरोबरी म्हणजे जवळजवळ विजय. पॉलीन पहिल्या हाफलाच म्हणाली, डावा बॅक थकलाय, त्याला काढला नाही तर त्याच बाजूने गोल खाणार. त्याच बाजूने खाल्ला. लार्सला दिसलं नाही, तिला दिसलं. तिचे वडीलही असेच, मॅचभर तोंडात पाइप आणि तासाला एक वाक्य, पण तेवढंच खरं.

मी म्हणालो, बघ, तुझ्याशिवाय हे मला कोण सांगणार? ती म्हणाली, डोळे उघडे ठेव, दिसेल. हे मी कौतुक म्हणून घेतलं.

२६ डिसेंबर, गुरुवार.

नाताळ झाला. लार्स आहे. मी वर कोणत्या नाताळापर्यंत ते लिहिलेलं नाही.

पॉलीनला मी गादी दिली. स्टेडियमच्या सीटवर घालायची, लाल-पांढरी, वर तिचा सीटनंबर भरतकामात. असलं काही सुचायला मन लागतं. तिने ती बराच वेळ हातात धरली. मग म्हणाली, क्लिफ, तू ऐकतोस का रे कधी? मी म्हणालो, ऐकलंय, थंडी बाधते, म्हणून तर गादी.

तिने मला डोंगर चढायचे बूट दिले. दणकट आहेत. एम ओळीच्या पायऱ्यांवर घसरायची भीती नाही. आज घालून गेलो. करकरतात. ०-२.

११ जानेवारी, शनिवार.

नाताळ होऊन गेला, म्हणून टेबल बघितलं. आता मार्चमध्ये बघेन.

कालपासून पुढची योजना. झेंडा. नुसता झेंडा नाही, गोलपोस्टामागच्या गॅलरीभर पसरेल असा. कपाटातून जुनी डबल चादर काढली.

१८ जानेवारी, शनिवार.

आज सकाळी गॅरेजमध्ये जागा नव्हती म्हणून चादर शिकवणीच्या गाडीच्या बॉनेटवर अंथरली. काळ्या रंगात, हातभर अक्षरं: लार्स, घरी जा. हात भरून आला. शेवटच्या अक्षराला काना देतोय तोच पॉलीन दारात आली. म्हणाली, चहा झालाय. आणि लार्सला काढलं. आत्ताच रेडिओवर सांगितलं.

दोन महिने राबून माणूस घालवायचा आणि तो आपल्याआधीच गेलेला. तरी मी जाहीरपणे श्रेय घेणार नाही. माझा फोन, ते निवेदकाचे शब्द, मुद्दा पोचला, हे सगळं ज्याचं त्याला माहीत.

मग पॉलीन चादरीकडे बघत राहिली. म्हणाली, ही मावशीने लग्नात दिलेली. मी म्हणालो, जुनीच होती ना. म्हणाली, हो, लग्नाइतकीच.

१९ जानेवारी, रविवार.

रंग चादरीतून खाली उतरलाय. बॉनेटवर "लार्स, घरी जा" असं पुसट पण ठसठशीत. रॉकेलने निघालं नाही. पॉलिशने उलट चमकलं.

२१ जानेवारी, मंगळवार.

होल्डनबाई गाडी बघून म्हणाल्या, लार्स कोण? तुमचा जावई? लोक हॉर्न वाजवून शाबासकीचा अंगठा वर करतात. बाईंना वाटतं त्यांचं चालवणं सुधारलं. असू दे, धीर येतो.

१ फेब्रुवारी, शनिवार.

२-० जिंकलो! नवा मॅनेजर मिक टॅटरसॉल. आपला जुना कॅप्टन, आपल्याच गावचा, नाक तीनदा मोडलेला. मफलर नाही, प्रक्रिया नाही. मॅचनंतर विचारलं, कसे जिंकलात, तर म्हणाला, त्यांच्यापेक्षा जास्त गोल घातले. असा माणूस पाहिजे.

पॉलीन उभी राहून गात होती. तिचा आवाज असा फाटतो वरच्या पट्टीला, तिला वाटतं कोणाला कळत नाही. गाडीत म्हणाली, आज मजा आली. मी सहज विचारलं, मग सीटचं? म्हणाली, सीटचं सांगितलंय ना. पण आधीपेक्षा मऊ आवाजात. नरमली आहे.

असंच चाललं तर आपण नववे येऊ. युरोपातल्या स्पर्धेत गेलो तर पासपोर्ट बघायला हवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार. ०-३.

२२ फेब्रुवारी, शनिवार. १-५. तो एक छान होता.

२३ फेब्रुवारी, रविवार.

खरं सांगायचं तर लार्सला काढण्याची घाईच झाली. माणूस सभ्य होता. पाच गोल खाल्ल्यावर जरा तरी विचारात पडल्यासारखा दिसायचा. टॅटरसॉल च्युइंगगम चघळत बसतो. मी सुरुवातीपासून म्हणत होतो की त्याला वेळ द्या.

पॉलीन खिडकीतून गाडीच्या बॉनेटकडे बघून म्हणाली, हो, लिहूनच ठेवलंयस. टोमणा होता.

८ मार्च, शनिवार.

मॅच बाहेरगावी. पॉलीन रेडिओपाशी थांबली नाही. शेजारची ग्लेनिस आणि तिच्या मैत्रिणी दर शनिवारी टेकड्यांवर हिंडतात, त्यांच्याबरोबर गेली. मी एकट्याने ऐकली. एकट्याने ऐकण्यात एक फायदा आहे, मध्ये कोणी बोलत नाही. ०-१. मी मोठ्याने म्हणालो, डावा बॅक! पण खोलीत कोणी नव्हतं.

आज टेबल बघितलं. आपण अठरावे. सतराव्या जागेवर, म्हणजे वाचलेल्यांत सगळ्यात खाली, सॉल्टमार्श सिटी. आता आपली लढत सॉल्टमार्शशी. त्यांच्या मॅनेजरलाही काढलंय. त्यांचं काही खरं नाही.

२२ मार्च, शनिवार.

देशाच्या टीमचा सामना म्हणून लीगला सुट्टी. न्याहारीला पॉलीन म्हणाली, क्लिफ, आज मॅच नाही. चल की आमच्याबरोबर. वर गेलं की समुद्र दिसतो म्हणे. बूट आहेत तुझ्याकडे.

शनिवारी! मला आधी वाटलं तिला बरं नाही. मी म्हणालो, अगं, उरलेल्या मॅचेसचा हिशेब मांडायचाय, आज शांतपणे बसता येईल. ती म्हणाली, बरं. तिच्या "बरं"मध्ये काही विशेष नव्हतं.

संध्याकाळी परत आली. गाल लाल, पँट ओली, बशीभर बटाटे दोनदा घेतले. विचारलं, समुद्र दिसला का? म्हणाली, कुठला, धुकं होतं. मी म्हणालो, म्हणजे एवढं चढून काहीच दिसलं नाही. मग मॅचमध्ये आणि टेकडीत फरक काय? ती हसली. म्हणाली, तिथे घरी येताना कोणी रडवेलं नसतं.

मी कधी रडवेला नसतो. मॅचनंतर डोळे झोंबतात ते कांद्यामुळे, बर्गरवाल्याची गाडी दारातच असते.

हिशेबाप्रमाणे आपण चौदावे येतो. सहा मॅच जिंकायला हव्यात. उरल्यात नऊ. तीन हातच्या ठेवल्या.

१२ एप्रिल, शनिवार.

हातच्या तीन संपल्या.

पॉलीन आली होती. ती घरची एकही मॅच चुकवत नाही, हे लिहायला हवं. म्हणाली, वर्ष घेतलंय ते पुरं करणार, बाबांनी अर्धवट उठायला शिकवलं नाही. आजूबाजूचे लोक शेवटी शेवटी उठून जात होते, गाड्यांची गर्दी टाळायला. आम्ही बसून राहिलो. शेवटी एम ओळीत आम्ही दोघंच. ती म्हणाली, चहा संपव, गार होतोय. कपातून वाफ येत होती, मैदानावर माळी गवत दाबत होता. ०-२ हरलो होतो, आणि मला उगाचच बरं वाटत होतं. त्याचं कारण काही सापडलं नाही. बहुधा सॉल्टमार्शही हरलं म्हणून.

३ मे, शनिवार.

जिंकलो, १-०. त्यांच्याच खेळाडूने त्यांच्याच गोलात मारला, पण दबाव आपला होता.

बाकी दोन टीम गणिताने खाली गेल्या. तिसरी जागा आपली किंवा सॉल्टमार्शची. सॉल्टमार्श एका गुणाने पुढे.

१८ मे, रविवार.

दोघंही बरोबरीत सुटले. म्हणजे पुढचा रविवार, शेवटचा दिवस. हिशेब सोपा आहे. आपण जिंकलो की फार करून वाचतो. आपली बरोबरी झाली तर सॉल्टमार्श हरायला हवं, मग गुण सारखे आणि गोलांच्या फरकावर आपण वर.

पॉलीनला समजावून सांगितलं. म्हणाली, मला येतो हिशेब, मी पाळण्यात असल्यापासून करतेय. मग म्हणाली, बाबांच्या वेळी एकदा असंच झालं होतं, आणि आम्ही वाचलो होतो, आणि ते मला खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत आले होते. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत नाही.

वाचलो तर ती येणार. तिने म्हटलं नाही, पण मला दिसतं.

२५ मे, रविवार. सकाळ.

झोप उत्तम. तीन वाजल्यापासून जागा आहे.

आज वाचणार. मनात जराही शंका नाही. न्याहारी गेली नाही ती उकाड्यामुळे. पॉलीनने तिच्या वडिलांचा जुना मफलर काढलाय, लोकरीचा, मे महिन्यात. काही म्हणालो नाही.

२५ मे. संध्याकाळ.

आज काही लिहिणार नाही.

२६ मे, सोमवार. बँक हॉलिडे.

जे झालं ते नोंदीसाठी लिहितो, कारण इतर लोक वाटेल ते सांगतायत.

मॅच संपायला थोडा वेळ होता. आपण १-१. माझ्या एका कानात रेडिओ. तिकडे सॉल्टमार्श ०-०. असंच राहिलं तर आपण गेलो. पोरं जिवाच्या आकांताने चढत होती, चेंडू एकदा पोस्टला लागून आला. आणि तेवढ्यात कानात: गोल! सॉल्टमार्शने गोल खाल्ला!

मी उठलो. उठणारा पहिला मी नव्हतो. असलोच तर फार थोड्या फरकाने. दोन्ही हात वर गेले, कानातली रेडिओची गोळी उडून खाली सीटांखाली पडली. असल्या वेळी कोणी गोळ्या शोधत बसत नाही. मी पॉलीनला म्हणालो, राहिलो! सॉल्टमार्शने खाल्ला! राहिलो गं आपण!

पॉलीनने मला मिठी मारली. अशी मिठी तिने शेवटची तिचे वडील गेले तेव्हा मारली होती. माझ्या कानात ओरडली, येते रे पुढच्या वर्षी, येते मी! हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, पुढे लागतील.

मग पुढची ओळ उठली, मग मागची, मग आमची सगळी गॅलरी, मग समोरची. सगळं स्टेडियम गायला लागलं. ज्याला त्याला शेजाऱ्याने सांगितलं होतं. टॅटरसॉलने मागे वळून कोणाला तरी विचारलं, कोणीतरी मान डोलावली, आणि त्याने पोरांना दोन्ही तळहात खाली करून दाखवले, सावकाश, सावकाश. बरोबरी पुरे होती. आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला आणि चेंडूवर पाय ठेवून, पार्श्वभाग दुसऱ्यांकडे करून उभा राहिला. दुसऱ्या टीमला मिळवायचं काही नव्हतं, त्यांनी चेंडू मागितलाही नाही. सगळे उभे. आयुष्यात इतका सुंदर फुटबॉल मी पाहिला नव्हता.

पुढच्या ओळीतला एक माणूस फोनकडे बघत होता. तो मागे वळून म्हणाला, रद्द झालाय तो गोल. व्हिडिओ पंचाने बघितला, ऑफसाइड होता. केव्हाच रद्द झालाय.

आता रेडिओवाल्यांनी गोल म्हणण्याआधी पंचाचं होऊ द्यायला नको का? मी त्यांना पत्र लिहिणार आहे.

बातमी ज्या वाटेने गेली तिच्यावरून शांतता परत येत गेली. समोरच्या गॅलरीत अजून गात होते तेव्हा आमच्याकडे सगळे गप्प होते. लोक मैदानाकडे ओरडायला लागले, पुढे जा, पुढे जा! पोरांना वाटलं, प्रोत्साहन. सेंटर फॉरवर्डने हात हलवला. शिट्टी झाली. १-१. तिकडे ०-०.

पॉलीनच्या मुठीत अजून माझी बाही होती. मग तिने ती सोडली. मी तिला म्हणालो, चूक झाली गं कोणाची तरी. ती म्हणाली, हो. चल.

२८ मे, बुधवार.

सगळं गाव पहिल्यांदा उठून ओरडलेल्या त्या माणसाला शोधतंय. रेडिओवर दुसरा विषय नाही. एक म्हणतो एम ओळीतला होता, एक म्हणतो टक्कल होतं, एक म्हणतो सॉल्टमार्शने पाठवलेला हेर होता. मला शेवटचं पटतं. टक्कल गावात पुष्कळांना आहे.

दुकानात खाटीक सुरा परजत म्हणाला, कोण गाढव होता तो, मिसेस एंटविसल? तुम्ही तिथेच बसता ना? मी सॉसेजकडे बघत होतो. पॉलीन म्हणाली, आम्ही जन्मभर तिथेच बसतो, आम्हाला नाही बाई कोणी गाढव दिसला. अर्धा किलो दे.

बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. घरापर्यंत सोडला नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं, हे मी तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात घर आलं.

१४ जून, शनिवार.

परवा सीटा कायम करायची शेवटची तारीख. टॅटरसॉलला काढलं, नवा येईल, एका वर्षात परत वर येऊ. माझ्या डोक्यात चित्र स्वच्छ आहे.

चहाच्या वेळी विषय काढला. म्हणालो, तू शब्द दिला होतास, माझ्याकडे लिहून आहे, येते रे पुढच्या वर्षी, येते मी. ती नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं नाही. म्हणाली, हो, म्हणाले होते. आणि खरंच यावंसं वाटलं होतं. पण क्लिफ, गोल रद्द झाला की त्याच्यानंतर केलेला नाचही रद्द होतो ना रे?

नियमाच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे.

मी म्हणालो, सॉल्टमार्श हरलं असतं तर? तिने कप खाली ठेवला. म्हणाली, तर मी आले असते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुला हेच सांगितलं असतं. तुला वाटतं मी हरण्याला कंटाळले. मी हरण्याला कंटाळत नाही रे, मी ब्रॅकनशॉची आहे. मला तू दुसरीकडे कुठेतरी हवायस. कुठेही. मैदानाकडे तोंड नसलेला.

हे काय असतं ते मला समजलं नाही. मी विचारलं, दुसरीकडे कुठे? ती म्हणाली, जाऊ दे.

१६ जून, सोमवार.

तिने स्वतः फोन करून वडिलांची सीट सोडली. फोन ठेवल्यावर थोडी रडली. मी म्हणालो, अजून परत घेता येईल, मी लावतो फोन. ती म्हणाली, क्लिफ, बस जरा इथे. मी बसलो. फोन हातात धरून बसलो, तिचा विचार बदलला तर असावा म्हणून.

२ ऑगस्ट, शनिवार.

पॉलीन म्हणाली, पुढच्या शनिवारी आम्ही लांब जातोय, सबंध दिवस. ग्लेनिसच्या गाडीत एक जागा रिकामी आहे. पुन्हा नाही विचारणार.

मी म्हणालो, अगं, पुढच्या शनिवारी हंगामाची पहिली मॅच, घरची. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर विचारलं. मी म्हणालो, तारखा काय मी ठरवतो? ती हसली, अगदी शांत. म्हणाली, नाही रे, तू काहीच ठरवत नाहीस.

मग तिने शिडी आणून जिन्यातला बल्ब बदलला. मी शिडी धरली.

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी साडेसहा.

पॉलीन अजून आलेली नाही.

खालच्या लीगमधली पहिली मॅच. स्टेडियम अर्धं रिकामं, त्यामुळे गाडी लावायला सोपं गेलं. नवा मॅनेजर चांगला वाटतो. अजून काही केलेलं नाही त्याने. एम ओळीत गेलो. पॉलीनच्या जागेवर एक माणूस बसला होता. पावसाळी कोट, गुडघ्यावर सँडविचचा डबा. तिकीट बघितलं, त्याचंच होतं. अख्ख्या सीझनचं घेतलंय म्हणाला. मी आपल्या जागेवर बसलो. मला एकटं वाटलं. लिहून ठेवतो, दुसरं कोणाला सांगायला घरात कोणी नाही.

खेळ सुरू होतो न होतो तोच आमचे दोघं एकाच्याच मागे गेले, मधली जागा मोकळी, आणि गोल खाल्ला. मी डावीकडे वळून म्हणालो, बघितलंस पॉलीन?

तो म्हणाला, ग्रॅहम. माझं नाव ग्रॅहम.

मी म्हणालो, माफ करा. त्याने सँडविचचा डबा पुढे केला. मी नको म्हणालो, आणि उरलेली मॅच आम्ही दोघंही समोर बघत बसलो.